वाचकांचे प्रश्न : जलरंगातील महाकाव्ये आणि मागणीची चित्रे

मागील अंकात मी सभापर्वावरील माझ्या जलरंग चित्रमालिकेविषयी लिहिले होते. त्यावर आलेल्या पत्रांतील काही प्रश्नांना येथे उत्तरे देत आहे. पत्रे संक्षिप्त केली असून पत्रलेखकांची नावे गाळली आहेत.

प्रश्न : मी उपयोजित कलेच्या शेवटच्या वर्षाचा विद्यार्थी आहे. महाभारतावर बारा जलरंगचित्रे करायची आहेत. प्रसंग सगळे ठाऊक आहेत, पण कागदासमोर बसलो की आधी पाहिलेलीच चित्रे हातातून उतरतात. सुरुवात कोठून करावी?

उत्तर : सुरुवात वाचनापासून करावी, आणि तीही आपल्याला प्रसंग ठाऊक आहेत हा विश्वास काही दिवस बाजूला ठेवून. आपल्या प्रत्येकाच्या मनातले महाभारत हे कीर्तन, नाटक, दिनदर्शिकेवरची चित्रे आणि दूरदर्शनवरील मालिका यांतून घडलेले असते. त्यात गैर काहीच नाही, कारण ही कथा अशीच जिवंत राहिली आहे. मात्र आपण कोणत्या परंपरेतला प्रसंग रंगवत आहोत हे चित्रकाराला माहीत असलेच पाहिजे. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने १९१९ ते १९६६ या काळात सिद्ध केलेली महाभारताची चिकित्सक आवृत्ती (अनेक हस्तलिखिते ताडून ठरवलेला पाठ), किंवा तिच्यावर आधारलेला एखादा अनुवाद, निदान निवडलेल्या बारा प्रसंगांपुरता तरी सावकाश वाचावा.

वाचनाने चित्र कसे बदलते, याचे माझ्या अनुभवातील एक उदाहरण सांगते. मयसभेत दुर्योधन पाण्यात पडतो आणि द्रौपदी ‘आंधळ्याचा पुत्र आंधळा’ असे म्हणून हसते, हा प्रसंग मी कित्येक वर्षे तसाच धरून चालले होते. सभापर्वाच्या चिकित्सक पाठात हे वाक्य नाही. दुर्योधन पाण्यात पडतो तेव्हा सेवक हसतात, भीम, अर्जुन आणि जुळे बंधू हसतात. द्रौपदी स्त्रियांसह हसली, हे दुर्योधन पुढे हस्तिनापुरात आपल्या पित्याला सांगताना म्हणतो. हे वाचल्यावर माझ्यासमोर एका चित्राऐवजी दोन चित्रे उभी राहिली. एक पाण्यात पडलेल्या माणसाचे, आणि दुसरे तो अपमान आठवून, कदाचित वाढवूनही, आंधळ्या पित्यासमोर उगाळणाऱ्या माणसाचे. मी दुसरे निवडले. त्यात द्रौपदी दिसते ती केवळ दुर्योधनाच्या मागच्या भिंतीवर, फिकट रंगाच्या एका थरात, त्याच्या मनात राहिलेल्या आकृतीसारखी.

अशा जागा रामायणातही पुष्कळ आहेत. वाल्मीकी रामायणात लक्ष्मणरेषा नाही. अहल्या तेथे शिळा होत नाही, तर वायुभक्षण करीत, राखेत पडून, कोणालाही न दिसता तप करीत राहते. सुंदरकांडात हनुमान निजलेल्या रावणाला पाहतो, तेव्हा पलंगावर पसरलेल्या दोनच बाहूंचे वर्णन येते. दहा तोंडांचा आणि वीस हातांचा रावण रंगवणे सोपे आहे. दोन हातांचा, अलंकारांनी मढलेला, गाढ झोपलेला आणि तरीही भय वाटावे असा पुरुष रंगवणे फार अवघड आहे.

वाचताना दृश्य तपशिलांची एक वेगळी वही करावी. भीष्मांच्या ध्वजावर ताड, अर्जुनाच्या ध्वजावर कपी, कृपाचार्यांच्या ध्वजावर वृषभ, अश्वत्थाम्याच्या ध्वजावर सिंहाचे शेपूट, द्रोणांच्या ध्वजावर वेदी अशा खुणा ग्रंथातच दिलेल्या आहेत. अर्जुनाचे घोडे पांढरे आणि द्रोणांचे तांबडे आहेत. राजपुत्रांच्या परीक्षेच्या वेळी द्रोण रंगभूमीवर येतात ते पांढरी वस्त्रे, पांढरे जानवे, पांढरे केस आणि पांढरी दाढी अशा रूपात. जलरंगाच्या चित्रकाराला यापेक्षा मोठी देणगी कोणती असणार? पारदर्शक जलरंगात पांढरा म्हणजे न रंगवलेला कागद. भोवतालची गर्दी, धूळ, मांडव हे सारे रंगवायचे आणि त्यांच्या मधोमध द्रोणांच्या आकृतीपुरता कागद कोरा राखायचा, म्हणजे गुरू आपोआप उजळून उभे राहतात.

मात्र तो कोरा कागद कुठे राहणार हे पहिला ओला कुंचला टेकवण्यापूर्वी ठरलेले असावे लागते, कारण एकदा रंग बसला की मूळ शुभ्रता परत येत नाही. म्हणून प्रत्येक प्रसंगाची तळहाताएवढी सहा-सात कच्ची रेखाटने करा आणि त्यांत फक्त तीन छटा ठेवा: कोरा कागद, मधली छटा आणि गडद छटा. ज्या रेखाटनात या तीन छटांतच प्रसंग कळतो, तेच मोठ्या कागदावर न्यावे. आधी पाहिलेली चित्रे हातातून उतरतात ही तुमची तक्रार या टप्प्यावर बरीचशी दूर होईल, कारण पाठ झालेली रचना पहिल्या एक-दोन रेखाटनांत संपून जाते आणि पुढच्यांत तुमचे स्वतःचे काही येऊ लागते.

प्रश्न : ताई, कृष्णाचा वर्ण जलरंगात कसा साधावा? माझ्याकडून एक तर आकाशासारखा निळा होतो किंवा मळकट राखाडी. द्रौपदीही सावळी होती असे तुम्ही लिहिले होते. तो सावळेपणा निळसर दाखवावा काय?

उत्तर : आकाशासारखा निळा होण्याचे कारण बहुधा असे असावे की आपण ट्यूबमधला निळा रंग कातडीचा रंग म्हणून सरळ लावत आहात. श्यामवर्ण हा एका थरात मिळत नाही. मी प्रथम संपूर्ण अंगावर रॉ सिएना या पिवळसर मातकट रंगाचा अगदी पातळ, उबदार थर देते आणि तो पूर्ण वाळू देते. त्यावर अल्ट्रामरीन निळ्यात किंचित बर्न्ट सिएना (तांबूस तपकिरी) मिसळून दुसरा पातळ थर देते. तो वाळला की छायेच्या बाजूला तेच मिश्रण थोडे दाट आणि थोडे जांभळ्याकडे झुकवून लावते. खालचा उबदार थर वरच्या निळ्यातून झिरपत राहतो, त्यामुळे निळेपणा असूनही ते अंग जिवंत माणसाचे वाटते. मळकटपणा येतो तो दोन कारणांनी: तीनपेक्षा अधिक रंगद्रव्ये एकत्र केल्याने, किंवा अर्धवट वाळलेल्या थराला पुन्हा कुंचला लावल्याने. दुसरे कारण अधिक वेळा घडते. कागदाला हाताची मागची बाजू लावून पाहावी. गारवा जाणवला तर कागद अजून ओला आहे असे समजून थांबावे.

पीतांबराची जागा आधी राखावी आणि शक्य तर पिवळा रंग प्रथम लावून घ्यावा. निळ्या थरावर पिवळा चढवला तर तो हिरवा होणार, त्याला इलाज नाही. फ्थॅलो निळा या कामासाठी मी वापरत नाही. तो कागदात भिनतो आणि चुकल्यास ओल्या कुंचल्याने टिपून उचलता येत नाही. अल्ट्रामरीन काही अंशी उचलता येतो, शिवाय त्याचे कण खडबडीत कागदाच्या खळग्यांत बसतात आणि त्वचेला एक सूक्ष्म पोत येतो.

द्रौपदीविषयी माझे मत ठाम आहे. तिचे नावच कृष्णा आहे, ग्रंथ तिला श्यामवर्णा म्हणतो, आणि तरीही छापील चित्रांनी तिला पिढ्यान्‌पिढ्या गोरी केले. तिला देवत्वाची निळी छटा देऊ नये असे मला वाटते, कारण निळा रंग पाहताच आपल्या प्रेक्षकाच्या मनात अवतार येतो, आणि सभेत ओढत आणलेल्या त्या स्त्रीचे मानुषपण तेथेच हरवते. बर्न्ट सिएना, थोडा अल्ट्रामरीन आणि गालांवर, बोटांच्या पेरांवर क्विनाक्रिडोन गुलाबीचा स्पर्श, एवढ्यात आपल्या घरातल्या स्त्रियांचा सावळा वर्ण उत्तम साधतो. एका ग्राहकाने मला ‘द्रौपदी जरा उजळ करा’ असे सांगितले होते. मी संबंधित श्लोक त्यांच्यापुढे ठेवला आणि चित्र तसेच राहिले. प्रत्येक ग्राहक इतका समजूतदार असेल असे नाही, परंतु विचारल्याशिवाय माघार घेऊ नये.

प्रश्न : जुन्या चित्रकारांच्या रचना आधाराला घेणे योग्य आहे काय? आणि कायद्याने चालते काय?

उत्तर : अभ्यासासाठी नक्कल करणे हा शिकण्याचा जुना आणि चांगला मार्ग आहे. विक्रीसाठी मात्र दोन गोष्टी पाहाव्यात. आपल्या देशात चित्राचा स्वामित्वहक्क चित्रकाराच्या हयातीनंतर साठ वर्षे टिकतो. राजा रविवर्मा १९०६ मध्ये आणि एम. व्ही. धुरंधर १९४४ मध्ये निवर्तले, त्यामुळे त्यांच्या चित्रांचा हक्क केव्हाच संपला आहे. दीनानाथ दलाल १९७१ मध्ये आणि रघुवीर मुळगावकर १९७६ मध्ये गेले. त्यांची चित्रे अनुक्रमे २०३१ आणि २०३६ च्या अखेरपर्यंत संरक्षित आहेत. जुन्या दिवाळी अंकांवरची चित्रे कोणाचीही आहेत असे समजून ती उचलणारे अनेक जण भेटतात, म्हणून हे स्पष्ट लिहिले.

कायद्यापेक्षा दृष्टीचा प्रश्न मला अधिक महत्त्वाचा वाटतो. आपण सगळे रविवर्म्यांकडेच वळतो, आणि त्यांची तैलरंगातली नाट्यमय छाया जलरंगात आणू पाहतो, जी तेथे जड होते. त्याऐवजी मेवाडच्या महाराणा जगतसिंह यांच्यासाठी १६४९ ते १६५३ या काळात झालेले सचित्र रामायण पाहावे. त्याची पाने आज लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आणि काही मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात आहेत. त्यातील युद्धकांड रंगवणारा साहिबदीन एकाच चौकटीत एकच पात्र तीन-चार वेळा दाखवतो आणि डोळा त्या पात्रामागे फिरत फिरत कथा वाचतो. अकबराच्या आज्ञेने फारसीत उतरवलेल्या महाभारताची, म्हणजे रज्मनाम्याची, चित्रे पाहावीत. ही सारी कामेही जलरंगातलीच आहेत, केवळ अपारदर्शक.

आणि दूर कशाला जावे? कुडाळजवळच्या पिंगुळीत ठाकर समाजाच्या चित्रकथींनी जपलेल्या पोथ्या आहेत. सुटी पाने एकेक करून समोर धरायची आणि वाद्यांच्या साथीने कथा गायची, ही त्यांची रीत. ती पाने पाहताना लक्षात येते की पात्राचा मोठा डोळा आणि हाताची एक ठसठशीत मुद्रा एवढ्यावर दूर बसलेल्या श्रोत्यालाही प्रसंग कळत असे. औंधचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांचे १९१६ साली प्रसिद्ध झालेले चित्ररामायणही मराठी चित्रकाराने पाहिलेले असावे; एका संस्थानिकाने स्वतः कुंचला हाती धरून सबंध रामकथा रंगवावी, ही गोष्ट मला आजही विलक्षण वाटते.

प्रश्न : मी एका प्रकाशकासाठी रामायणावरील मुलांच्या पुस्तकाची चौदा चित्रे केली. ठरलेले पैसे मिळाले. आता तीच चित्रे वह्यांवर आणि भेटकार्डांवर छापलेली दिसतात. लेखी करार झाला नव्हता. चित्रे माझी असताना हे कसे चालते?

उत्तर : आपले पत्र वाचून फार वाईट वाटले, कारण कित्येक वर्षांपूर्वी माझ्याबाबतीत अगदी हेच घडले होते आणि मीही आपल्यासारखेच गृहीत धरले होते की चित्र ज्याने काढले त्याचाच हक्क. सर्वसाधारणपणे ते खरे आहे. आपण स्वतःहून काढलेल्या चित्राचा पहिला हक्क आपलाच असतो. परंतु स्वामित्वहक्क अधिनियम, १९५७ च्या कलम १७ मध्ये एक अपवाद आहे: मोबदला घेऊन एखाद्याच्या सांगण्यावरून काढलेल्या रंगचित्राच्या किंवा व्यक्तिचित्राच्या बाबतीत, उलट करार नसेल तर, पहिला हक्कधारक ते काम सांगणारी व्यक्ती ठरते. मागणीनुसार काम करणाऱ्या प्रत्येक चित्रकाराने हे वाक्य आपल्या टेबलासमोर लावून ठेवावे. लेखी करार नसणे हे येथे आपल्या विरुद्ध जाते.

यापुढे काम स्वीकारताना एक पानी करार पुरेसा आहे, पण तो पहिल्या रेखाटनाआधी व्हावा आणि त्यावर दोघांच्या सह्या असाव्यात. स्वामित्वहक्क चित्रकाराकडे राहील. प्रकाशकाला अमुक पुस्तकात, अमुक भाषेत, अमुक मुदतीसाठी छापण्याची परवानगी आहे. अन्य कोणत्याही वस्तूवर छापायचे असल्यास वेगळा मोबदला ठरवला जाईल. मूळ चित्रे छपाईनंतर परत मिळतील. कधी हक्क हस्तांतरित करायचेच झाले, तर तेही लेखी आणि सहीनिशी असावे लागते, आणि कलम १९ प्रमाणे मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षे, प्रदेश लिहिला नसेल तर तो भारत असे मानले जाते.

आपल्या हाती आजही काही उरले आहे. कलम ५७ प्रमाणे चित्र आपले आहे असे सांगण्याचा, आणि आपल्या प्रतिष्ठेला बाध येईल अशी त्याची मोडतोड झाल्यास दाद मागण्याचा अधिकार हक्क दुसऱ्याकडे गेल्यानंतरही कलावंताकडे राहतो. वह्यांवर आपले नाव नसेल, किंवा चित्र कापून त्याचा अर्थ बिघडवला असेल, तर हा मुद्दा पुढे करता येईल. झालेला पत्रव्यवहार, संदेश, बिले हे सारे एकत्र करून या विषयातील वकिलाला दाखवावे. ‘फक्त पुस्तकासाठी’ असे शब्द एखाद्या पत्रात सापडले तरी उपयोग होऊ शकतो.

प्रश्न : ग्राहक वारंवार बदल सांगतात. किती बदल करून द्यावेत?

उत्तर : रेखाटनात हवे तितके, रंगात शक्यतो एकही नाही. जलरंगात रामाचे मुख डावीकडून उजवीकडे वळवणे म्हणजे नवे चित्र काढणे होय, आणि हे ग्राहकाला ठाऊक नसते. ते समजावून सांगणे आपले काम आहे. मी पूर्ण आकाराचे पेन्सिल रेखाटन आणि छोटासा रंगीत नमुना दाखवते, त्यावर लेखी संमती घेते आणि मगच चित्राचा कागद भिजवून फळीवर ताणून बसवते. मोबदल्याचा एक तृतीयांश हिस्सा काम सुरू होण्याआधी, तेवढाच रेखाटन संमत झाल्यावर आणि उरलेला चित्र देताना, अशी माझी पद्धत आहे.

प्रश्न : आपण महाकाव्यांची चित्रे काढता, तसेच लोकांच्या घरांची, आजी-आजोबांची, कुत्र्यांची चित्रेही काढता. पोटासाठी अशी कामे घेतल्याने मुख्य कामाची धार कमी होत नाही काय? मलाही हाच पेच पडला आहे.

उत्तर : माझा अनुभव याच्या अगदी उलट आहे, आणि तो थोडा विस्ताराने सांगते.

काही वर्षांपूर्वी एका वनस्पतिअभ्यासकाने मला देशी वृक्षांच्या फुलांची चित्रे सांगितली. त्यांत सीताअशोक होता. तोपर्यंत माझ्या अशोकवनातले अशोक म्हणजे शाळा-कार्यालयांच्या कुंपणाला असतात तसे उंच, सुळक्यासारखे, लोंबत्या पानांचे वृक्ष होते. खरा अशोक तो नव्हेच. खरा अशोक मध्यम उंचीचा, पसरट, आणि खोडा-फांद्यांवरच नारिंगी-तांबड्या फुलांचे झुबके येणारा. त्या कामासाठी मी चार दिवस एका फुललेल्या झाडाखाली बसून होते, आणि नारिंगी फुले उतरत्या उन्हात कशी निखाऱ्यांसारखी होतात ते पाहत होते. नंतर पुन्हा सुंदरकांड उघडले, तेव्हा आणखी एक गोष्ट डोळ्यांत भरली: हनुमान ज्या झाडावर लपतो आणि ज्याच्या तळाशी सीता बसलेली असते, तो वृक्ष अशोक नसून शिंशपा आहे. भोवती पेटल्यासारखे फुललेले अशोक आणि मधल्या शिंशपेच्या थंड हिरव्या सावलीत मळलेल्या वस्त्रातली सीता, ही रचना मला त्या वनस्पतिचित्रांनी दिली. केवळ महाकाव्येच रंगवत बसले असते तर ती सुचली नसती.

वृद्धांची व्यक्तिचित्रेही अशीच उपयोगी पडली. एका कुटुंबाने दिवंगत आजोबांचे चित्र सांगितले आणि सोबत दिला तो पारपत्राच्या आकाराचा एक धुरकट फोटो. त्यावरून चित्र होईना, म्हणून मी त्यांच्या घरी गेले, त्यांच्या मुलाच्या आणि नातवाच्या कपाळाची, कानांची रेखाटने केली आणि ते आजोबा कसे बसत, हात कोठे ठेवत, हे विचारले. ‘हाताची घडी कधी घालायचे नाहीत, दोन्ही हात मांडीवर उताणे असायचे,’ असे आजींनी सांगितले. शरपंजरी पडलेल्या भीष्मांचे हात मी आता तसेच उताणे रंगवते. पुनर्विकासात पाडल्या जाणाऱ्या वाड्यांची चित्रे काढताना लाकडी खांबांची, तुळयांची आणि चौकात उतरणाऱ्या उजेडाची जाण आली. कुत्र्यांच्या चित्रांविषयी विचारले आहे, म्हणून महाप्रस्थानिक पर्वाची आठवण करून देते. युधिष्ठिरामागून अखेरपर्यंत चालणारे ते कुत्रे नीट रंगवायचे असेल, तर थकलेल्या कुत्र्याची मान कशी खाली जाते हे कोठेतरी पाहिलेले असावे लागते.

एक पथ्य मात्र मी पाळते. महाकाव्याच्या मालिकेचे काम सकाळच्या उजेडात आणि मागणीचे काम दुपारनंतर, आणि दोन्हींच्या रंगथाळ्या वेगळ्या.

प्रश्न : आम्ही कोकणात राहतो. घरातल्या जलरंगचित्रावर पावसाळ्यात तपकिरी ठिपके आले आहेत आणि लाल रंगही फिका पडला आहे. काय करावे?

उत्तर : ठिपके बहुधा बुरशीचे आहेत. ओल्या फडक्याने पुसू नये, ब्लीच तर मुळीच लावू नये. चित्र चौकटीतून काढून कोरड्या, हवेशीर जागी सावलीत ठेवावे आणि मौल्यवान असेल तर कागद-संवर्धकाकडे द्यावे. पुन्हा चौकट करताना काच आणि चित्र यांच्यामध्ये आम्लरहित माउंट घालून अंतर ठेवावे, मागे आम्लरहित पुठ्ठा लावावा, आणि चौकट भिंतीला चिकटून न बसता मागून हवा खेळेल अशा बेताने तिच्या खालच्या दोन कोपऱ्यांना बुचाचे तुकडे लावावेत. बाहेरची ओल झिरपणारी भिंत टाळावी.

फिका पडलेला लाल मात्र परत येत नाही. जुन्या चित्रांत तो अनेकदा अलिझरिन क्रिमसन असतो, जो उजेडात टिकत नाही. चित्रकार हयात असतील तर त्यांना कोणता लाल वापरला होता ते विचारावे. उरलेले चित्र तरी उन्हाच्या झोतापासून दूर, अतिनील किरण अडवणाऱ्या काचेमागे ठेवावे.